वरून चौदा, डावीकडून चोवीस

१० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०

संगणकाच्या नव्या अपडेटची घोषणा झाली. कंपनीचा कार्यक्रम काल फोनवर पूर्ण पाहिला. दीड तास. एकूण चौसष्ट नवी फीचर्स. मंचावरचा माणूस प्रत्येक फीचरला हात पसरून उभा राहत होता. सगळं समजलं. जे समजलं नाही ते त्यालाच नीट सांगता आलं नाही.

आज वर्गात लोक माझ्या तोंडाकडे बघणार. दोन शब्द बोलावे लागतील.

पुढेमागे ही वही कोणी चाळली तर माहिती असावी म्हणून: मी पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं पाइपलाइनीचे नकाशे काढले. गेली दोन वर्षं वाचनालयात ज्येष्ठांना संगणक शिकवतो. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते साडेअकरा. विद्यार्थी सात, संगणक सहा.

मोजपट्टी पद्धत हा माझा स्वतःचा शोध. स्क्रीनवरची वस्तू वरच्या कडेपासून किती सेंटिमीटर आणि डाव्या कडेपासून किती, एवढं वहीत टिपायचं. पत्रांचा फोल्डर: वरून चौदा, डावीकडून चोवीस. पट्टी लावा, बाण तिथे न्या, दाबा. वाचायची गरज नाही. समजायची तर मुळीच नाही. शिवणकाम करणाऱ्या काकू सेंटिमीटर मानत नाहीत, त्यांना इंचात वेगळा तक्ता करून दिलाय.

दुपारी १२.१५

वर्ग झाला. किल्लीवाल्यांनी (बाजारात डुप्लिकेट किल्ल्या करायचे, आता दुकान मुलाकडे) विचारलं की नव्या अपडेटमध्ये वस्तू जागच्या हलणार तर नाहीत ना. मी म्हणालो, एवढी मूर्ख कंपनी जगात नसेल. सगळ्यांना बरं वाटलं.

११ सप्टेंबर, बुधवार

चौसष्ट फीचर्सची यादी छापून आणली. लाल पेनने शेरे मारतोय.

क्र. १. सगळं काचेसारखं पारदर्शक दिसणार. एका खिडकीतून मागची खिडकी, तिच्यातून आणखी मागची. आमच्या खात्यात दोन नकाशे असे एकावर एक आले की साहेब विचारायचे, पाणी नक्की कुठल्या पाइपातून न्यायचंय. शेरा: नामंजूर.

क्र. ५. आलेल्या निरोपांचा संगणक सारांश सांगणार. आमच्याकडे हे फीचर एकोणचाळीस वर्षं आहे. हिचं बहिणीशी फोनवर पाऊण तास बोलणं चालतं. काय म्हणाली विचारलं की ही म्हणते, काही नाही. शेरा: यात नवीन काय.

क्र. १२. बोलाल ते टाइप होईल. फोनवर चाचणी घेतली. मी विचार करून एक वाक्य सांगायला लागलो, तेवढ्यात ही आतून काहीतरी बोलली. फोनने हिचं वाक्य घेतलं. माझं नाही. शेरा: पक्षपाती.

दुपारी ४.००

क्र. १७ दोनदा वाचलं. तुम्ही काय जास्त वापरता ते बघून संगणक स्क्रीनवरची चिन्हं आपली आपण नव्या जागी मांडणार. रोज.

चहा घेतला. पुन्हा वाचलं. तेच होतं.

क्र. १८. हवी ती गोष्ट शब्दांत टाइप करा, संगणक शोधून देईल. शेरा: आळशांसाठी. पुढचं वाचलं नाही, डोकं दुखत होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात जाहीर केलं की आपण हे अपडेट घेणार नाही. ठाम राहिलो. फळ्यावर कारणं लिहिली. पाच होती, चार आठवली.

नर्सबाईंनी प्रश्न विचारला. या एकतीस वर्षं मोठ्या रुग्णालयात वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या. पट्टी कधीच आणत नाहीत, पहिल्या दिवसापासून. म्हणाल्या, सर, स्क्रीनवर लिहिलेलंच असतं ना, ते वाचून नाही का दाबता येणार? मी सौम्यपणे समजावलं की वाचत बसणारा माणूस मागे पडतो. त्या म्हणाल्या की औषधाची बाटली त्या कधी कपाटातल्या जागेवरून ओळखत नसत, लेबल वाचत. मी म्हणालो, ते वेगळं, तिथे माणूस मरू शकतो.

हुशार बाई आहेत. पण पद्धत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

कंपनीला पत्र लिहिलं. अकरा पानं, सोबत दोन आकृत्या. त्यांच्या साइटवर अभिप्रायाची चौकट आहे, तिच्यात तीनशे अक्षरं मावतात. पत्राचे तुकडे करून पाठवायला बसलो. नवव्या तुकड्याला त्यांनी विचारलं की तुम्ही माणूस आहात का. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्याला हा प्रश्न. तरी होय दाबलं. मग म्हणाले, सायकली असलेली चित्रं निवडा. एकात सायकल नव्हती, कुंपण होतं. मला बाहेर काढलं.

ही म्हणाली, अहो, एवढ्या लांबच्या कंपनीशी कशाला भांडता, घरातला नळ गळतोय. मी सांगितलं की नळ माझ्या खात्यात येत नाही, मी मुख्य पाइपलाइनीचा माणूस.

१७ सप्टेंबर, मंगळवार

वर्ग सुटल्यावर ग्रंथपालबाईंनी बोलावलं. वाचनालयाची समिती ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, वर्ग बघायला येणार. तीन माणसं. वर्ग पुढे चालवायचा का आणि कोणी चालवायचा ते ठरवणार. 'कोणी' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला. घसा बसला असावा.

अपडेट सगळ्या संगणकांत उतरून बसलंय, एक बटन दाबलं की चढेल, असंही म्हणाल्या. समिती येऊन गेली की चढवू. मध्येच कधी 'अपडेट तयार आहे' अशी चौकट आली तर 'नंतर' दाबा, 'आत्ता' दाबू नका. दोनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज काही लिहिण्यासारखं नाही. पण लिहितो.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सवयीने साडेसहाला उठलो, दाढी केली, डबा मागितला. हिने दिला. बागेतल्या बाकावर बसून खाल्ला. चार महिने असं चाललं. मग वाचनालयात पाटी दिसली: संगणक शिकवणारे हवेत. मला संगणक येत नव्हता. शिकून घेतला, पट्टी लावून. पहिल्याच तासाला किल्लीवाले मला सर म्हणाले. खात्यात मला चौतीस वर्षांत कोणी सर म्हणालं नव्हतं, अहो ड्राफ्ट्समन म्हणायचे.

मला हा वर्ग हवा आहे. इतकंच.

तरी काळजीचं कारण नाही. माझ्याशिवाय दुसरं आहे कोण?

२० सप्टेंबर, शुक्रवार

वर्गाला चौघंच. हवा बदलतेय, सर्दीचे दिवस.

क्र. १७ वर उपाय सापडला. चिन्हं रोज जागा बदलणार असतील तर मीही रोज मोजणार. सकाळी आठला वाचनालयात जायचं, सहाही स्क्रीन मोजायच्या, दहापर्यंत नवा तक्ता तयार. संगणक थकेल, मी नाही. समितीला हे अखेरीस सांगायचं, टाळ्यांच्या आधी.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

२१ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ९.४०

उठलो.

२२ सप्टेंबर, रविवार

ही भाजी घेऊन आली ती बातमी घेऊन. बाजारात शिवणकामवाल्या काकू भेटल्या. आपली सगळी मंडळी म्हणे बुधवारी आणि रविवारी नर्सबाईंच्या घरी जमतात. त्यांच्या सुनेच्या लॅपटॉपवर नवं अपडेट आहे, त्यावर शिकतात.

ही माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, छान, म्हणजे माझ्या नोट्सची उजळणी घरीही करतात. हिने भाजी निवडायला घेतली. मला आपुलकीने विचारलं की तुम्हीही का जात नाही एकदा. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासात लुडबुड करू नये हे हिला कोण सांगणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तिघं हजर. जे आले नाहीत त्यांचं शिकून झालं असावं. चांगला शिक्षक शेवटी स्वतःची गरज संपवतो, असं म्हणतात. पण समिती येईपर्यंत थोडी गरज राहिलेली बरी.

ग्रंथपालबाईंना विचारलं की ४ तारखेला सगळे येतील ना. त्या म्हणाल्या, नर्सबाई सगळ्यांना आणणार आहेत. नर्सबाई मदतनीस म्हणून उत्तम काम करताहेत. समितीसमोर त्यांचा नावानिशी उल्लेख करायचा. एक वाक्य.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

टेबलाच्या खणात पाच पट्ट्या सापडल्या. विद्यार्थ्यांच्या. किल्लीवाल्यांची स्टीलची, काकूंची टेप गुंडाळी करून. आपल्या हातातली वस्तू गुरूकडे ठेवून जाणं ही जुनी रीत. डोळे भरून आले. घरी हिला दाखवल्या. ही म्हणाली की नको असलेली वस्तूही माणूस खणातच ठेवतो. हिला भावना कमी.

१ ऑक्टोबर, मंगळवार

एकटाच होतो, रंगीत तालीम केली. समितीचे अध्यक्ष एक साधं काम सांगणार आहेत: पत्र उघडून छापून दाखवा. वरून चौदा, डावीकडून चोवीस. चौदा वेळा केलं, चौदाही वेळा जमलं. वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. ती 'अपडेट तयार आहे'वाली चौकट एकदाही आली नाही. ती नवशिक्यांना येत असावी.

पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.३०

झोप छान झाली. तीन तास. दाढी करताना हनुवटीवर कापलं. हिने कापूस लावला आणि म्हणाली, सावकाश बोला, सगळ्यांचं ऐका. ऐकायचंय समितीला, बोलायचंय मला.

दुपारी २.३०

सविस्तर लिहितो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगितलं तर पुरावा असेल.

पोचलो तर खोलीत प्रोजेक्टर. ग्रंथपालबाईंनी सोय म्हणून लावलेला. स्क्रीन भिंतीवर, साडेतीन मीटरच्या वर रुंद. समितीने सगळं तिथेच बघायचं. दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मी स्टूल मागवलं, पाच मीटरची टेप मागवली आणि प्रमाण काढलं: साडेसात पट. वरून एकशे पाच, डावीकडून एकशे ऐंशी. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की हे काय चाललंय. अध्यक्ष म्हणाले, बघू या.

किल्लीवाल्यांना माऊसवर बसवलं. मी स्टुलावर, भिंतीला नाक लावून. टेपचं टोक काकूंनी धरलं. एकशे ऐंशीवर बोट ठेवलं आणि सांगत गेलो: वर, अजून वर, थोडं उजवीकडे, थांबा. भिंतीच्या इतक्या जवळ अक्षरं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. एक मोठा निळा रंग आला, बरोबर माझ्या बोटाखाली. वाटलं फोल्डर आला.

नर्सबाई खालून हळूच म्हणाल्या, सर, एकदा वाचून घ्या. मी मागे न वळता म्हणालो की वाचणं आपल्या पद्धतीत बसत नाही. किल्लीवाले थांबले. मी म्हणालो, दाबा. ते म्हणाले, सर, दाबू का खरंच? म्हटलं, दाबा हो.

दाबलं. भिंत काळी झाली. मधोमध अक्षरं: अपडेट सुरू आहे. एक टक्का. संगणक बंद करू नका.

स्टुलावरून उतरलो. ग्रंथपालबाई भिंतीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

प्रसंगावधान राखलं. समितीला म्हणालो की हे पूर्वनियोजित आहे, अपडेट चढेपर्यंत त्यातली चौसष्ट फीचर्स समजावतो. लाल शेऱ्यांची यादी खिशात होतीच. क्र. ५ च्या वेळी सहा टक्के. क्र. १७ ला अध्यक्षांना फोन आला, ते बाहेर गेले. फोन वाजलेला ऐकू आला नाही, पण हल्ली फोन वाजत नाहीत. क्र. २६ ला एकोणचाळीस टक्के. क्र. ४१ हे आठ नव्या घंटानादांचं फीचर आहे, ते आठही तोंडाने काढून दाखवले. समितीतल्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, बहुधा एकाग्रतेसाठी.

एक तास पन्नास मिनिटांनी सुरू झालं. सगळं काचेसारखं. फोल्डर चोवीसवर नव्हता. कुठेच नव्हता. मी टेप उचलली.

तेवढ्यात नर्सबाईंनी किल्लीवाल्यांना सांगितलं, दादा, काय हवंय ते लिहा. किल्लीवाल्यांनी वरच्या चौकटीत 'पत्र' टाइप केलं. पत्र आलं. मग काकूंनी ते छापलं. चाळीस सेकंद, मी घड्याळ लावलं होतं. अध्यक्ष परत आले होते. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझे विद्यार्थी आहेत ते.

५ ऑक्टोबर, शनिवार

शांतपणे विचार करता कालचा दिवस यशस्वी म्हणावा लागेल. समितीने अपडेट डोळ्यांसमोर चढताना पाहिलं, असा अनुभव किती समित्यांना मिळतो? ही विचारत होती, कसं झालं. म्हणालो, टाळ्या वाजल्या. कोणासाठी, असं विचारलं. म्हणालो, वर्गासाठी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गाला सुट्टी. पत्र आलं. छापील, नीट घडी घातलेलं. माझ्या दोन वर्षांच्या सेवेबद्दल समिती आभारी आहे. १५ तारखेपासून वर्ग नर्सबाई घेतील. खाली ग्रंथपालबाईंनी हाताने लिहिलंय की तुम्ही नसता तर हे सातजण एकत्र आलेच नसते.

याचा अर्थ मला सल्लागार नेमलंय. तसं लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधून जाणवतं. हिला वाचायला दिलं. हिने ओळीच वाचल्या.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०.००

पांढरा शर्ट घातला. बूट घातले. खुर्चीवर बसलो. दहा वाजले. दहा दहा झाले. नळाचं ठिबकणं ऐकू येतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

वाईट वाटतंय. कारण माहीत आहे, लिहीत नाही.

११.४०

ही बाहेर गेली होती, आली. पुस्तक बदलायला वाचनालयात गेले होते म्हणाली, हातात पुस्तक नव्हतं. एक फॉर्म होता. टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मंगळवारपासून नवी तुकडी सुरू होतेय म्हणे. पहिल्यापासून शिकवणार. मी म्हणालो, मला कशाला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.००

गेलो होतो. निरीक्षक म्हणून, एवढ्यासाठीच.

दोन तुकड्या आहेत. माझ्या सातांपैकी सहाजण पुढच्या तुकडीत गेले; दोन्ही तुकड्या सातव्या, म्हणजे नर्सबाई, घेतात. वर्ग संपवून बाहेर पडत होते. किल्लीवाल्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

फॉर्मवर नाव, वय, पत्ता लिहिला. त्याखाली: संगणकाचं पूर्वज्ञान, आहे किंवा नाही, एकावर खूण करा. ग्रंथपालबाईंना विचारलं की 'थोडंफार' असा रकाना का नाही. म्हणाल्या, दोनच आहेत. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. 'आहे'वर खूण केली असती तर नव्या माणसांवर दडपण आलं असतं. समोर फळ्यावर नर्सबाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात: आधी वाचा. मी फॉर्म पुन्हा वाचला. मग 'नाही'वर खूण केली.

नर्सबाई आत आल्या, हजेरी काढली. मी यादीत शेवटचा. माझं नाव घेतलं, पुढे सर लावलं नाही. यादीत तसं लिहिलेलं नसतं. हजर म्हणालो.